साध्या मेणबत्त्यांची घरच्या घरी सजावट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानातून आणलेली साधी पांढरी मेणबत्ती सजवायला घेतली, की बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगांविषयी असतो. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : ही मेणबत्ती पुढे पेटवली जाणार आहे का, आणि पेटवल्यावर तिचा कोणता भाग वितळणार आहे? रंग, कागद, फूल, चमकी यांपैकी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे त्यावरूनच ठरते. खालची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

सजावटीसाठी कोणती मेणबत्ती घ्यावी?

जाड, गोल आणि सरळ उभी राहणारी मेणबत्ती सर्वांत सोयीची. तिचा व्यास ७ ते ८ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असावा. अशी मेणबत्ती जळते तेव्हा वातीभोवती वितळलेल्या मेणाचे तळे तयार होते, पण ते सहसा अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही. बाहेरची भिंत उभी राहते आणि ज्योत हळूहळू आत खाली उतरते. आपली सजावट त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे ज्योतीपासून दूर राहते, शिवाय आतला उजेड भिंतीतून झिरपून सजावटीला उजळवतो.

दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या उंच, निमुळत्या मेणबत्तीचे तसे नसते. ती कडेसकट वितळत खाली येते, म्हणजे तिच्यावर जे काही लावले असेल ते कधी ना कधी ज्योतीजवळ येणारच. तिच्यावर फक्त मेणाचीच सजावट करावी. भांड्यात ठेवून जाळायच्या छोट्या मेणबत्त्या तर पूर्णपणे पातळ होतात. त्यांच्या बाबतीत मेणबत्ती साधी ठेवून काचेचे भांडे बाहेरून सजवलेले बरे.

विकत घेताना मेणबत्ती वरून पाहावी. वात मध्यापासून सरकलेली असेल तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि काही तासांनी सजावटीसह आत कलते. रंगीत मेणबत्ती असेल तर बुडाशी नखाने थोडे खरवडून पाहावे. पुष्कळशा रंगीत मेणबत्त्या आतून पांढऱ्या असतात आणि रंगाची केवळ साल वर चढवलेली असते. कोरीव काम करणाऱ्याला ही साल फार उपयोगी पडते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मेण कोणते आहे याने काही फरक पडतो का?

पडतो, मुख्यतः उष्णता वापरताना. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे नेहमीच्या मेणबत्त्यांचे मेण, प्रतीनुसार साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास. सोयाचे मेण पॅराफिनच्या कठीण प्रतींपेक्षा मऊ असते आणि त्यावर बोटांचे ठसे लगेच उमटतात, म्हणून ते बहुधा भांड्यातच विकले जाते. मधमाश्यांचे मेण अंगचेच थोडे चिकट असल्यामुळे त्यावर मेणाचे रंगीत पत्रे उत्तम बसतात. नवख्या माणसाने साध्या पॅराफिनपासून सुरुवात करावी. ते कठीण असते, गुळगुळीत असते आणि एखादी बिघडली तरी फारसे वाईट वाटत नाही.

सजावटीपूर्वी मेणबत्तीची काही तयारी करावी लागते का?

मऊ कापडाला किंचित स्पिरिट लावून मेणबत्ती बाहेरून पुसून घ्यावी. हाताळताना लागलेला तेलकटपणा आणि धूळ त्याने निघते. स्पिरिट ज्वालाग्राही असते, तेव्हा ते पूर्ण उडून जाईपर्यंत जवळ कोणतीही ज्योत नको. पृष्ठभागावर पांढुरकी पूड दिसत असेल किंवा बारीक ओरखडे असतील, तर जुन्या नायलॉनच्या मोज्याने चोळल्यास चांगली चकाकी येते. मेण कठीण व्हावे म्हणून मेणबत्ती बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा सल्ला कोणी देतो. तो मानू नये. मेण थंडीने आकसते, बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर आकसतो आणि बारीक तडे जातात.

मेणबत्तीवर रंग बसत नाही, थेंब थेंब होऊन ओघळतो. काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही. मेण पाण्याला जवळ करत नाही, आणि जलरंग असो वा अॅक्रिलिक, त्यात पाणी असतेच. अॅक्रिलिक रंगात द्रव साबणाचा एखादा थेंब मिसळला, की पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन रंग पसरतो. पहिला हात अगदी पातळ द्यावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. एकाच जाड हातात काम उरकले तर वाळलेला रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. मेणबत्तीच्या रंगकामासाठी तयार मिळणारे माध्यम रंगात मिसळले तर पकड आणखी चांगली येते.

अॅक्रिलिक वाळले म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा तयार होतो. तो वितळून मेणात मिसळत नाही. जाड मेणबत्तीच्या बाहेरच्या भिंतीवर त्याने बिघडत नाही, परंतु निमुळत्या मेणबत्तीवर त्याचे तुकडे वातीपाशी जमतात, वात चोंदते आणि ज्योत काजळी धरते. पेटवण्यासाठीच्या मेणबत्तीवर रंगकाम करायचे असेल, तर माझी पसंती वितळलेल्या रंगीत मेणाला आहे : छोट्या वाटीत रंगीत मेणाचे तुकडे गरम पाण्यावर वितळवावेत आणि जुन्या ब्रशने झटकन एकेक फटकारा ओढावा. मेण ब्रशवरच गोठू लागते, त्यामुळे बारीक रेखाकाम जमत नाही; पाने, ठिपके, जाड पट्टे मात्र सुरेख येतात आणि ते मेणबत्तीचाच भाग होऊन जातात.

टिश्यू पेपरवरचे चित्र मेणबत्तीवर कसे उतरवतात?

घरच्या साधनांत सर्वांत जास्त समाधान देणारी पद्धत हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पांढऱ्या, अगदी पातळ टिश्यू पेपरवर चित्र काढावे किंवा अक्षरे लिहावीत. छापील नॅपकिन वापरायचा असेल तर त्याचे पदर सोडवून फक्त वरचा छापील पदर घ्यावा. खालचे पदर राहिले तर मेण वरपर्यंत पोहोचत नाही आणि कागद पांढरा दिसत राहतो. चित्राच्या कडेने शक्य तितके जवळून कापावे. कागद मेणबत्तीवर ठेवून त्यावरून बटर पेपरची पट्टी गुंडाळावी आणि तिची दोन्ही टोके मागच्या बाजूला मुठीत घट्ट धरावीत. मग हेअर ड्रायर सर्वांत गरम झोतावर लावून, दहा-बारा सेंटिमीटर अंतरावरून, एका जागी न थांबता फिरवावा. हीट गन असेल तर अंतर वाढवावे आणि वेळ कमी करावा, कारण ती काही सेकंदांतच मेणबत्तीच्या अंगावर ओघळ आणू शकते.

आता बटर पेपरमधून नीट पाहत राहावे. प्रथम काहीच घडत नाही. मग चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात कागद ओला झाल्यासारखा गडद दिसू लागतो, तो डाग हळूहळू पसरतो आणि त्याच्या मागोमाग कागदाची कापलेली कड दिसेनाशी होते. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. वितळलेले मेण त्या पोकळ्यांत शिरले, की प्रकाश आरपार जाऊ लागतो आणि कागद जणू विरून जाऊन फक्त चित्र उरते. सगळा कागद असा गडद झाला की झोत बंद करावा, पाच-सात सेकंद थांबावे आणि बटर पेपर एका बाजूने सावकाश सोलून काढावा.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. कागद पारदर्शक होतो, म्हणून चित्रातला पांढरा भाग मेणबत्तीच्या रंगाचा दिसणार. लाल मेणबत्तीवर पांढरे फूल उतरवले तर ते लालच दिसेल. या पद्धतीला पांढरी किंवा फिकट मेणबत्तीच हवी.

आणि एक इशारा. मेणात भिजलेला कागद म्हणजे दुसरी वातच. जाड मेणबत्तीच्या बाहेरच्या भिंतीवर तो ज्योतीपासून दूर असतो. निमुळत्या मेणबत्तीवर तो पेट घेऊ शकतो. तेथे ही पद्धत वापरू नये, किंवा ती मेणबत्ती केवळ शोभेसाठी ठेवावी.

वाळलेली फुले आणि पाने लावता येतात का?

येतात, मात्र ती पूर्ण वाळलेली आणि सपाट हवीत. जाड पुस्तकात टिपकागदाच्या घड्यांमध्ये दोन-तीन आठवडे दाबून ठेवलेली फुले चांगली. ओल राहिलेले फूल मेणाखाली तपकिरी पडते आणि गरम मेण लागताच त्याच्या कडेला बारीक बुडबुडे येतात.

चमचा कडकडीत पाण्यात बुडवून, कोरडा पुसून, त्याच्या पाठीने फूल मेणबत्तीवर हलके दाबावे. चमचा ज्योतीवर तापवला तर त्यावर काजळी धरते आणि ती पाकळीवर उतरते, म्हणून पाणीच बरे. फूल मध्यापासून कडेकडे दाबत जावे. पाकळ्यांची टोके मोकळी राहिली तर नंतर तीच प्रथम उचलली जातात. शेवटी सुमारे ८० अंशांच्या स्वच्छ, रंगहीन पॅराफिनमध्ये मेणबत्ती दोन-तीन सेकंद बुडवून बाहेर काढावी. मेण याहून थंड असेल तर थर जाड आणि दुधाळ बसतो आणि फूल धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. फुले भिंतीच्या खालच्या दोन-तृतीयांश भागातच लावावीत; काठाजवळ लावलेले वाळके फूल धोक्याचे असते.

मेणाचे रंगीत पत्रे म्हणजे काय?

कागदासारखे पातळ, लवचीक असे रंगीत मेणाचे पत्रे कलासाहित्यात मिळतात. पातीने किंवा कात्रीने हवा तो आकार कापावा, बोटांच्या उबेने क्षणभर मऊ करावा आणि मेणबत्तीवर दाबावा. डिंक नको, उष्णता नको. मेणावर मेणच बसत असल्यामुळे हे आकार निमुळत्या मेणबत्तीवरही चालतात. लहान मुलांसोबत काम करायचे असेल तर मी दुसरी कोणतीही पद्धत सुचवणार नाही. कापण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि चिकटवण्याचे मुलांनी.

साधी मेणबत्ती रंगीत मेणात बुडवून रंगवता येते का?

येते, आणि एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणाऱ्या छटा याच पद्धतीने मिळतात. मेणबत्तीच्या उंचीएवढे उभे, अरुंद भांडे घ्यावे आणि ते पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर मेण वितळवावे. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. पाणी उकळले तरी १०० अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे पाण्यात ठेवलेले मेणही त्याच मर्यादेत राहते. थेट आचेवर मात्र ते तापतच जाते आणि सुमारे २०० अंशांपुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. पातेल्यातले पाणी आटत नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

भांडे काठोकाठ भरू नये, कारण मेणबत्ती आत जाताच मेण वर चढते. वात पकडीने धरून मेणबत्ती सरळ आत सोडावी, दोन-तीन सेकंदांत एकाच लयीत वर काढावी आणि निथळू द्यावी. फार वेळ आत ठेवली तर नवा थर बसण्याऐवजी जुनाच वितळू लागतो. दोन बुडव्यांमध्ये थर निवू द्यावा. छटा विरत न्यायची असेल तर प्रत्येक वेळी थोडे कमी खोल बुडवावे. बुडाशी साचलेला थेंब मऊ असतानाच कापून टाकावा, नाही तर मेणबत्ती डगमगते.

रंग तेलात विरघळणारा, मेणासाठीचाच हवा. पदार्थांत घालायचे रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात. ते मेणात मिसळत नाहीत आणि तळाशी थेंब होऊन बसतात.

वितळवताना मेण पेटले तर काय करावे?

आच बंद करावी आणि भांड्यावर घट्ट बसणारे धातूचे झाकण सरकवावे. पाणी टाकू नये. पाणी मेणाहून जड असल्यामुळे खाली जाते, तेथे क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असल्यामुळे जळते मेण चोहीकडे उडते. भांडे उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्नही करू नये. झाकण काम सुरू करण्यापूर्वीच हाताशी ठेवलेले असावे. मेण धूर सोडू लागले असेल तर ते आधीच गरजेपेक्षा जास्त तापले आहे, असे समजून आच बंद करावी.

मेणबत्तीवर कोरीव काम करता येते का?

वर ज्या रंगीत सालीचा उल्लेख केला, ती येथे कामाला येते. दाभण किंवा लिनोकामाच्या (छाप्यासाठी लिनोलियमचा पत्रा कोरण्याच्या) बारीक पात्याने साल खरवडली, की खालून पांढरी रेषा उमटते. रंग न लावताच दोन रंगांचे चित्र तयार होते. आकृती आधी कागदावर काढून, तो कागद मेणबत्तीभोवती बांधून, सुईने ठिपके टोचून उतरवावी. मेण फार थंड असेल तर ते कपच्यांनी उडते; अशा वेळी मेणबत्ती थोडा वेळ दोन्ही तळहातांत धरावी. रेषा एका दमात खोल नेण्यापेक्षा दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवावी आणि निघालेली पूड मऊ ब्रशने झटकावी. खोली २ ते ३ मिलिमीटर पुरेशी आहे. त्याहून खोल गेल्यास भिंत तेथे कमजोर होऊन मेण बाहेर वाहू शकते.

चमकी, मणी, रिबन, नेलपॉलिश, स्प्रेचा रंग?

चमकी बहुधा प्लास्टिकची असते, तेव्हा ती फक्त बाहेरच्या अंगाला आणि काठापासून दोन सेंटिमीटर खाली लावावी. वरच्या सपाट भागावर, वातीभोवती, अजिबात नको. काचेचे किंवा धातूचे मणी तापवलेल्या टाचणीने रोवता येतात. रिबन, दोरी, लेस आणि वाळक्या काड्या शोभून दिसतात, पण मेणबत्ती पेटवण्यापूर्वी त्या काढाव्यात, म्हणून त्या चिकटवू नयेत, नुसत्या बांधाव्यात.

नेलपॉलिश आणि स्प्रेचा रंग यांना माझा स्पष्ट नकार आहे. नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा झटकन पेटणारा पदार्थ आणि ज्वालाग्राही द्रावके असतात, तर स्प्रेच्या रंगातील द्रावकेही पेट घेणारी असतात. हे पदार्थ जळणाऱ्या वस्तूवर लावण्याचे काहीच कारण नाही.

मेणाचे खडू वितळवून वापरावेत का?

बाहेरून ठिबकवण्यासाठी चालतात. संपूर्ण मेण रंगवण्यासाठी नकोत, कारण खडूंतील रंगद्रव्याचे कण विरघळत नाहीत आणि वातीच्या तंतूंत अडकतात. मेणबत्तीची वात विणलेली असते. ही युक्ती कांबासेरेस या फ्रेंच माणसाने १८२५ मध्ये आणली. अशी वात जळताना एका बाजूला वळते, तिचे टोक ज्योतीबाहेर येऊन आपोआप जळून जाते आणि पूर्वीसारखी ती सारखी कातरत बसावी लागत नाही. वात चोंदली तर मेण वरपर्यंत चढत नाही, ज्योत लहान होते आणि विझते.

सुगंधी तेलाचे थेंब वरून टाकले तर?

टाकू नयेत. घट्ट मेणात तेल शिरत नाही, पृष्ठभागावरच राहते आणि भडका उडवू शकते.

सजवलेली मेणबत्ती पेटवताना काय पाहावे?

पेटवण्यापूर्वी वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून बाकीची कातरावी. लांब वातीची ज्योत उंच होते आणि सजावटीपर्यंत उष्णता पोहोचवते. व्यासाच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, हा जळण्याचा हिशेब लक्षात ठेवावा. म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या मेणबत्तीला तीन तास. त्याहून फार अधिक वेळ जाळल्यास भिंत मऊ होऊन झुकते. खाली न जळणारी, काठ असलेली ताटली हवी, दोन मेणबत्त्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर अंतर हवे आणि वाऱ्याचा झोत नको, कारण तो ज्योत भिंतीकडे वळवतो. सजवलेली मेणबत्ती पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तिच्यासमोर बसून राहा. सजावटीची कड काळवंडू लागली तर लगेच विझवा आणि ती मेणबत्ती यापुढे शोभेसाठी ठेवा.

तयार मेणबत्त्या कशा ठेवाव्यात?

उन्हापासून दूर, थंड आणि कोरड्या जागी. ऊन लागल्यास रंग फिके पडतात. निमुळत्या मेणबत्त्या आडव्या, सपाट ठेवाव्यात, नाही तर उकाड्यात वाकतात. प्रत्येकीभोवती मऊ कागद गुंडाळावा. रंगीत मेण एकमेकांना लागून राहिले तर डाग उतरतात.

काम करताना कापडावर किंवा मोरीत मेण गेले तर?

कापडावरचे मेण बर्फाने कडक करून खरवडावे, मग वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मोरीत वितळलेले मेण कधीही ओतू नये. ते नळात गोठून बसते. उरलेले मेण कागदी पेल्यात गोठवून पुढच्या कामासाठी ठेवावे.

आतले मेण जळून गेल्यावर सजवलेली भिंत फेकून द्यायची का?

मुळीच नाही. ज्योत चार-पाच सेंटिमीटर खाली गेली आणि वरची भिंत उभी असली, की जुनी वात बुडापाशी कापावी, आतले मेण चमच्याने सपाट करावे आणि त्या पोकळीत धातूच्या वाटीतली छोटी मेणबत्ती ठेवावी. पोकळी एवढी रुंद हवी, की छोट्या मेणबत्तीभोवती सर्व बाजूंनी बोटभर जागा सुटेल. नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा दिवा ठेवावा. टिश्यू पेपरचे चित्र आणि पानांच्या शिरा अशा उजेडात सर्वांत ठळक दिसतात, आणि वाटी बदलत राहिली तर एकच भिंत बरेच दिवस वापरता येते.